उलटी झाली नाही म्हणून

ताई,

तुमचं सदर माझी आई वाचायची, कात्रणं काढून ठेवायची. मी ३९ वर्षांची. माहेर साताऱ्याचं, गेली बारा वर्षं न्यू जर्सीत आहे. आई एप्रिल २०२१ मध्ये कोविडनं गेली. व्हिसाच्या अडचणीमुळे मला निघता आलं नाही. दादानं स्मशानातून व्हिडिओ कॉल लावला, तो चार मिनिटांत तुटला. मला रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या मीटिंगला बसले. तेव्हापासून छातीत एक दगड आहे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी एसिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी सुरू केली, रोज १० मिलिग्रॅम. झोप लागायला लागली, पण दगड हलला नाही.

एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी पेरूला गेले, इकितोसजवळच्या एका केंद्रात, आयावास्का या दृश्यं दाखवणाऱ्या काढ्याच्या विधीसाठी. नवऱ्याला योगशिबिर म्हणून सांगितलं. जाण्याआधी आठ दिवस गोळी माझ्या मनानं बंद केली आणि फॉर्मवर ‘कुठलंही औषध चालू नाही’ असं लिहिलं. तीन रात्री काढा घेतला. आजूबाजूला सगळे बादल्यांत ओकत होते, हुंदके देत होते. एक माणूस लहान मुलासारखा आईला हाका मारत होता. मला नुसती मळमळ आणि थंडी. तिसऱ्या रात्री दोनदा संडासला पळाले, तेवढंच. शेवटच्या दिवशी तिथल्या मार्गदर्शकानं सगळ्यांसमोर सांगितलं, तू धरून ठेवते आहेस, शरण जात नाहीस.

परत येऊन सात आठवडे झाले. गोळी बंदच आहे. चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके बसतात, झोप नाही, कधीही रडू येतं, मुलीवर ओरडते. केंद्राला कळवलं तर ते म्हणतात, वनस्पती अजून काम करते आहे, शुद्धी चालू आहे, गोळ्या पुन्हा घेऊ नकोस. नोव्हेंबरात ये, मोठा पेला देऊ आणि त्याआधी कांबो, त्यानं उलटी होतेच. पैसे भरायची मुदत या महिनाअखेर आहे. मी जाऊ का? माझ्यात असं काय अडकलंय, जे बाहेर येत नाही?

(नाव छापू नये.)

*

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आईबद्दल पुढे लिहिणार आहे, मनापासून लिहिणार आहे. पण आधी गोळ्या. बाकीचं सगळं थांबू शकतं, हे थांबू शकत नाही.

दोन वर्षं रोज घेतलेली गोळी तुम्ही एका दिवसात सोडलीत. एसिटालोप्राम अशी तोडून टाकली की थोड्याच दिवसांत चक्कर, झोप उडणं, चिडचिड, अकारण रडू आणि डोक्यात विजेसारखे झटके सुरू होऊ शकतात. नजर वळवली की झटका बसतो, असं पुष्कळ जण सांगतात. तुम्ही लिहिलेला त्रास आणि हा त्रास शेजारी शेजारी ठेवून बघा. केंद्रातली माणसं ज्याला ‘शुद्धी’ म्हणत आहेत, तो गोळी अचानक सुटल्याचा त्रास असू शकतो. किंवा सात आठवडे उलटल्यावर मूळचं नैराश्य पुन्हा डोकं वर काढत असेल. दोन्ही एकत्रही असतील. नेमकं काय, हे पत्रावरून मला सांगता येणार नाही, आणि हजारो मैलांवर बसून ईमेल लिहिणाऱ्या त्या मार्गदर्शकाला तर मुळीच नाही. ज्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली त्यांना याच आठवड्यात भेटा. गोळी कधी बंद केली, पेरूत काय घेतलं, किती वेळा घेतलं, सगळं खरं सांगा. तुमच्यावर उपचार करणाऱ्यांना त्यांच्या रुग्णाला बरं करायचं असतं, त्यांना तुमच्यावर खटला भरायचा नसतो. घरी उरलेल्या गोळ्या काढून आपल्या मनानं सुरूही करू नका. कशी आणि किती, ते त्यांना ठरवू द्या.

आणि एक गोष्ट स्पष्ट विचारते, कारण पत्रात तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. जगणं नको, असं वाटतं का? स्वतःला इजा करायचे विचार येतात का? येत असतील तर डॉक्टरांच्या वेळेची वाट बघू नका, नवऱ्याला उठवा आणि ९८८ वर फोन करा. अमेरिकेत तो क्रमांक दिवसरात्र चालतो. (हे वाचणाऱ्या आपल्याकडच्या कुणाला गरज असेल तर भारत सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ वर आहे, मराठीतही बोलता येतं.)

आता, फॉर्मवर ‘औषध नाही’ लिहिलंत, ते वाचताना माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही केवढा धोका पत्करला होतात हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून सांगते.

आयावास्काचा काढा दोन वनस्पतींचा असतो. एक जाड वेल, बॅनिस्टेरिऑप्सिस कापी तिचं शास्त्रीय नाव, आणि दुसरी चाक्रुना या झुडपाची पानं. पानांत डीएमटी हे द्रव्य असतं, दृश्यं दिसतात ती त्याच्यामुळे. पण नुसत्या पानांचा काढा प्यायला तर काहीच होत नाही. आपल्या आतड्यात आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर असतं, ते डीएमटी रक्तात पोचण्याआधीच मोडून टाकतं. वेलीतली हार्मिन, हार्मलिन ही द्रव्यं त्या विकराला काही तास रोखून धरतात, मग पानांचा अंमल चढतो. अ‍ॅमेझॉनच्या हजारो वनस्पतींतून ही जोडी तिथल्या लोकांनी कशी शोधली असेल, याचं मला आजही नवल वाटतं. पण हेच विकर सेरोटोनिन हे शरीरात निरोप पोचवणारं रसायनही मोडतं. तुमची गोळीही सेरोटोनिनचीच वाट अडवते, निराळ्या ठिकाणी. मोरीला पाणी जायच्या दोन वाटा आहेत असं समजा. एक गोळीनं बुजवलेली, दुसरी वेल बुजवते, आणि नळ चालूच आहे. मग ताप, घाम, थरथर, स्नायू ताठरणं, धडधड, भ्रम असं सगळं एकदम सुरू होऊ शकतं आणि त्यात माणूस दगावू शकतो. विकर रोखणाऱ्या औषधांच्या बाबतीत डॉक्टर एसिटालोप्रामनंतर किमान १४ दिवसांचं अंतर ठेवतात. फ्लुओक्सेटिन असेल तर पाच आठवड्यांचं. तुम्ही आठव्या दिवशी निघालात. इकितोसला तर बाहेरून रस्ता येत नाही, विमानानं नाहीतर नदीनं जावं लागतं. त्यात तुमचं केंद्र गावाबाहेर जंगलात. रात्री दोन वाजता ताप चढला असता तर तुम्हाला कुठे नेलं असतं?

हे अंतरसुद्धा तुम्ही स्वतः कॅलेंडरवर मोजायचं नसतं. लिथियम, ट्रामाडोल, खोकल्याच्या काही औषधांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, यांचंही या काढ्याशी जमत नाही. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असेल तर या वाटेला न जाणंच बरं. हे तुम्हाला एकटीला लिहीत नाही. मुंबई-पुण्याहून अशा ‘रिट्रीट’ना निघालेल्या मुलामुलींची पत्रं मला हल्ली येतात. गोव्यात अमुक ठिकाणी होतं, असंही काही जण लिहितात. भारतात डीएमटी १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे, हे त्यांनी लक्षात ठेवावं.

तर आता उलटी. तुमचा खरा सल तोच आहे.

शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन मेंदूत नसतं, आतड्यात असतं, साधारण ९० टक्के. काढ्यानं ते खवळलं की पोटातून मेंदूकडे जाणारी व्हेगस नस निरोप पोचवते आणि मेंदूच्या बुडाशी असलेलं ओकारीचं केंद्र जागं होतं. त्यात काढा कडू, तुरट, चिकट. कुणाला उलटी होते, कुणाला जुलाब, कुणाला नुसती मळमळ. आपल्याकडे गाडी लागते ना, तसंच. पसरणी घाटाच्या पहिल्याच वळणाला कुणाचं तोंड खिडकीबाहेर असतं आणि कुणी पाचगणीपर्यंत शेंगदाणे खात जातं. ज्याला गाडी लागत नाही त्याच्या मनात काहीतरी अडकलंय, असं आपण कधी म्हटलंय का?

२०२२ मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, आयावास्का घेतलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांची, वेगवेगळ्या देशांतली. त्यात सुमारे ७० टक्क्यांनी शारीरिक त्रास झाल्याचं सांगितलं, मुख्यतः उलट्या. म्हणजे दर दहांत तिघांनी असा कुठलाच त्रास सांगितला नाही, उलटीही नाही. उलटी न झालेल्या तुम्ही एकट्या नाही. त्याच पाहणीत निम्म्याहून जास्त लोकांनी नंतरच्या आठवड्यांत किंवा महिन्यांत मानसिक त्रास झाल्याचंही सांगितलं. त्यातल्या बहुतेकांनी तो आपल्या वाढीचा भाग मानला. मानू देत, त्यांचा अनुभव त्यांच्यापाशी. पण लहान मुलीवर ओरडणाऱ्या, रात्र रात्र जागणाऱ्या आईला ‘ही वाढच आहे’ असं दुसऱ्या कुणी सांगावं, हे मला पटत नाही.

ब्राझीलमध्ये नाताल शहरातल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेले २९ रुग्ण. १४ जणांना आयावास्का दिला आणि १५ जणांना तसाच दिसणारा कडू-आंबट खोटा काढा, त्यातही मळमळ व्हावी म्हणून झिंक सल्फेट घातलेलं. आठवड्यानंतर खऱ्या काढ्याच्या गटात जास्त लोकांना आराम पडलेला दिसला. म्हणजे या वनस्पतींत काही नाहीच, असं मी म्हणणार नाही. पण तिथे डॉक्टर होते, रुग्णांची आधीची औषधं देखरेखीखाली बंद केलेली होती, आणि खरा काढा घेतलेल्यांपैकीही उलटी झाली ती साधारण निम्म्यांनाच. कोण बरं झालं ते ठरलं नैराश्य मोजायच्या प्रश्नांवरून. बादलीत किती पडलं यावरून नाही.

मग उलटीला एवढं महत्त्व आलं कुठून? अ‍ॅमेझॉनमध्ये ते पूर्वीपासून आहेच, आणि त्या माणसांच्या समजुतीबद्दल मला आदर आहे. पेरूत तर या काढ्याला ‘ला पुर्गा’ म्हणजे रेचक असंच म्हणतात. जंतांसाठी तिथे ओहे नावाच्या झाडाचा चीक देतात. इक्वाडोर आणि पेरूच्या सीमेवरचे आचुआर लोक पहाटे गुआयुसाच्या पानांचा चहा भरपूर पितात, सगळं कुटुंब मिळून रात्रीची स्वप्नं एकमेकांना सांगतं, आणि उजाडायच्या आत चहा ओकून टाकतात. आपण तोंड धुतो तितक्या सहजपणे. तिथे उलटी ही रोजच्या जगण्यातली गोष्ट आहे. तिच्यावरून कुणाची परीक्षा घेत नाहीत.

उकायाली नदीकाठच्या शिपीबो लोकांचं तर आणखी वेगळं. तुम्ही ज्या गोल मालोकात, म्हणजे विधीच्या झोपडीत, बसलात आणि ज्या इकारो, म्हणजे विधीतली गाणी, ऐकल्यात, त्यात त्यांच्या परंपरेचा मोठा वाटा आहे. त्यांच्यात जाणकाराला ओनान्या म्हणतात. पूर्वी बहुतेक वेळा काढा ओनान्याच प्यायचा. रोगी नुसता समोर बसायचा किंवा आडवा पडायचा. काय बिघडलंय ते ओनान्या बघणार, त्याच्यासाठी गाणार, गरज पडली तर ओकणारही तोच. रोग्यानं पेल्यामागून पेले प्यायचे आणि वीस अनोळखी लोकांसमोर सिद्ध करायचं की आपण रिकामे झालो, ही रीत पाहुणे येऊ लागल्यावर वाढली. शिवाय त्यांच्या लेखी घाम, जांभया, थरथर, डोळ्यांतलं पाणी, जुलाब हे सगळं बाहेर पडणंच आहे. तिसऱ्या रात्री तुम्ही दोनदा पळालात, ते त्यांच्या हिशेबात धरलं जातं. तुमच्या मार्गदर्शकाच्या हिशेबात ते का धरलं गेलं नाही, कोण जाणे. पेरू सरकारनं २००८ मध्ये या काढ्याचं पारंपरिक ज्ञान राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं. तो वारसा गाणाऱ्यांचा आहे. तुम्हाला सगळ्यांसमोर नापास करणारा माणूस त्यांच्यापैकी होता का, हे एकदा आठवून बघा.

हे लिहिताना मला आपल्याकडचं वमन सारखं आठवतं. माझी वहिनी सांगलीला वैद्य होती. वसंतात, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, तिच्याकडे वमनाचे रुग्ण असायचे आणि मी सुट्टीत तिच्या हाताखाली बसलेली आहे. आधी काही दिवस तूप पाजणं, मग तेल लावून शेक. आदल्या रात्री कफ वाढवणारं जेवण. सकाळी रुग्णाला गळ्यापर्यंत दूध किंवा ज्येष्ठमधाचा काढा पाजायचा आणि मग गेळफळाचं, म्हणजे मदनफळाचं, चाटण. त्याआधी तासभर प्रश्न विचारणं: हृदयाचं काही आहे का, दिवस गेलेत का, अंगात शक्ती किती आहे. कितीतरी जणांना ती सरळ परत पाठवायची. उलट्या सुरू झाल्या की एक जण कपाळ धरायचा, एक पाठीवरून हात फिरवायचा, आणि वहिनी वेग, म्हणजे उलटीचे उमाळे, मोजायची. ग्रंथात चार, सहा, आठ असे वेग सांगितलेत, कमी, मध्यम आणि उत्तम शुद्धीचे. पण त्याच ग्रंथांत अतियोगही सांगितलाय, म्हणजे जास्त झालं तर तो बिघाड. आणि वेग कमी पडले तर वहिनी वहीत लिहायची की तूप कमी पडलं असेल, किंवा मात्रा चुकली असेल. ‘तू धरून ठेवलंस’ असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. चूक शोधायची ती देणाऱ्यानं. मग तीन ते सात दिवस आधी पेज, मग घट्ट पेज, मग मऊ भात, हळूहळू नेहमीच्या जेवणावर. वहिनी रोज घरी चक्कर मारायची. म्हणायची, ओकवणं सोपं असतं गं, नंतर सांभाळणं अवघड.

तुम्हाला चौथ्या दिवशी विमानतळावर सोडलं. सात आठवड्यांनी तुम्ही त्रासात असल्याचं कळवलं, तर उत्तर आलं ते पुढच्या हप्त्याचं.

कांबोबद्दल दोनच गोष्टी, पण नीट वाचा. ती वनस्पती नव्हे, एका मोठ्या हिरव्या झाडबेडकाचा स्राव आहे. कातडीवर छोटे चटके देऊन त्यावर तो लावतात. मात्सेस, कातुकिना हे शिकारी लोक तो आळस आणि शिकारीतलं दुर्दैव घालवायला वापरतात. लावण्याआधी बऱ्याचदा दीड-दोन लिटर, कधी त्याहून जास्त पाणी प्यायला लावतात. मग काही मिनिटांत प्रचंड उलट्या, रक्तदाब खाली, शरीरातलं सोडियम घसरतं, मेंदूला सूज येऊ शकते. यात माणसं मेलेली आहेत. ऑस्ट्रेलियानं २०२१ मध्ये कांबोवर बंदी घातली. तुमच्या गोळीसारख्या गोळ्यांनी सोडियम तसंही कधी कधी कमी होतं. तेव्हा ‘उलटी होतेच’ हे त्या केंद्राचं आश्वासन मला विषाच्या बाटलीवरच्या खुणेसारखं वाटलं. महिनाअखेरीस पैसे भरू नका. नोव्हेंबरात जाऊ नका. हे मी सल्ला म्हणून सांगत नाही, हात जोडून सांगते.

आता तुमची आई.

‘माझ्यात काय अडकलंय’ असं तुम्ही विचारता. मला वाटतं, अडकलेलं असं काही नाही. जे घडायला हवं होतं ते घडलेलं नाही, एवढंच.

आपल्याकडे गावात कुणी गेलं की लांबून येणारी लेक एसटीतून उतरते. घरापर्यंत ती कोरड्या डोळ्यांनी चालत येते. दारात पाऊल पडलं की आतून बायका उठतात, तिच्या गळ्यात पडतात, आणि पहिल्या दिवसासारखं रडणं पुन्हा सुरू होतं. ‘तुझी वाट बघत होती गं’, ‘परवाच तुझ्यासाठी शेवया केल्या होत्या’, असं नाव घेऊन, आठवण काढून. पाचव्या दिवशी आली तरी तसंच, दहाव्या दिवशी आली तरी तसंच. लहानपणी मला वाटायचं, या पुन्हा पुन्हा का रडतात, संपलं नाही का यांचं? आता कळतं की ते रडणं त्या नव्यानं आलेल्या लेकीसाठी असायचं. ती एकटी रडू शकत नाही म्हणून सगळ्या मिळून तिच्याबरोबर रडायच्या.

तुम्हाला ते दार मिळालं नाही. चार मिनिटांचा कॉल मिळाला. त्या एप्रिलमध्ये कितीतरी लेकींना तेवढंही मिळालं नाही, आणि तुमच्यासारखीच कितीतरी माणसं दुसऱ्या दिवशी कामाला बसली. मीटिंगला बसलात म्हणून तुम्ही दगड नाही. तेव्हा हातात तेवढंच होतं.

मालोकात तो माणूस आईला हाका मारत होता, तेव्हा तुम्हाला काय वाटलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण पत्रात इतर कुणाबद्दल एवढं बारीक लिहिलेलं नाही. मी बराच वेळ त्या ओळीवर थांबले. तुम्हाला आईला हाक मारायची होती, आणि तिथे तुमच्या आईला ओळखणारं कुणीच नव्हतं. काळोखात, परक्या भाषेत, अशा माणसांत तुमच्या पोटानं आणि डोळ्यांनी आवरून धरलं असेल, तर मला त्यात शहाणपणच दिसतं. माझे वडील गेले तेव्हा मीही अकरा दिवस कोरडी होते. आठ महिन्यांनी किराणा दुकानात वाण्यानं विचारलं, ‘अण्णांची तपकीर बांधू का?’ आणि मी तिथे पोत्यावर बसून तासभर रडले. त्याला वडील गेल्याचं माहीत नव्हतं. पण तो त्यांची तपकीर ओळखत होता.

म्हणून डॉक्टरांची भेट झाली की दुसरा फोन दादाला करा. फार तयारी करू नका. त्याला विचारा की कॉल तुटल्यावर काय झालं? तिथून पुढे सगळं सांग. पीपीई घातलेली माणसं, अस्थी कधी मिळाल्या, कुठे सोडल्या, घरच्यांना कुणी सांगितलं, त्या रात्री घरात कोण जेवलं. तो एकटा होता तिथे. पाच मिनिटांत विषय बदलेल, पुरुष बदलतातच, तरी पुन्हा विचारा. त्यानंही हे कुणाला सांगितलेलं नसेल. तुम्हाला दुखेल, त्यालाही दुखेल, तेव्हा हे एकाच फोनमध्ये उरकायला बघू नका, आणि झोप थोडी सावरल्यावर करा. शोकावर काम करणारा समुपदेशक डॉक्टरांकडे मागा. आता अमेरिकेतून, पुण्यातून व्हिडिओवर मराठीत बोलणारेही मिळतात. आईबद्दल आईच्या भाषेत बोलणं सोपं जातं, असा माझा अनुभव आहे.

तुमचा विश्वास असेल तर आणखी एक. बाबा असतील, तर आई सवाष्ण गेली. भाद्रपदात पितृपक्षातली अविधवा नवमी अशाच आयांची. गेल्या वर्षांत तुम्ही ती केलीत की नाही, माहीत नाही. न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरात तिच्या आवडीचं चार पदार्थांचं ताट करा, मुलीला हाताशी घ्या, आणि करताना तिला आजीचं एकेक सांगत जा. विश्वास नसेल तरी ताट करायला हरकत नाही.

आणि नवरा. ‘योगशिबिर’ म्हणून सांगितलंत ते आज ना उद्या कळणार, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रात्री तुम्हाला काही झालं तर घरात एका माणसाला खरं माहीत असायला हवं. डॉक्टरांकडे जाताना त्यांना बरोबर न्या आणि गाडीतच सांगा. गाडीत समोर बघत बोलता येतं, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. त्यांना राग येईल. येऊ दे. खोटं बोलल्याचा राग आणि तुम्ही एवढं एकटीनं सोसलंत याचं वाईट वाटणं, दोन्ही एकदम येतील. आधी राग बाहेर पडेल. त्याच दिवशी सगळं मिटवायला बघू नका. मुलीला मात्र आजच सांगा की आई ओरडली त्यात तुझी चूक नव्हती, आईला बरं नाही आणि आई डॉक्टरांकडे जाते आहे. मुलांना एवढं कळतं.

पुढे कधी, दोनेक वर्षांनी, सगळं सावरल्यावर त्या वनस्पतींविषयी पुन्हा ओढ वाटली, तर तो प्रश्न तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा. तेव्हा मला विचारलंत तर मी पुन्हा विचार करून लिहीन. आत्ता माझं उत्तर नाही असंच आहे.

डॉक्टरांकडे जाऊन आलात की दोन ओळी नक्की लिहा. नाव छापणार नाही. आणि आई ही कात्रणं कुठल्या वहीत चिकटवायची, कशानं चिकटवायची, आवडलेल्या ओळीखाली रेघ मारायची का, तेही लिहा.